पायाचं बीपी : तालमीतल्या रक्तवाहिनी तपासणीच्या नोंदी

कुठल्या मंडळाला पायाच्या रक्तवाहिन्या तपासायचं शिबिर घ्यायचं असेल तर आमचं काय काय चुकलं ते आधी वाचा. मी डॉक्टर नाही. एका दवाखान्यात ईसीजी काढतो, आणि कोल्हापुरात मंगळवार पेठेतल्या आमच्या तालमीचा कार्यकर्ता आहे. रोज रात्री वहीत लिहिलेलं इथं उतरवतोय. शिव्या तेवढ्या गाळल्यात.

६ ऑक्टोबर २०२४, रविवार

गणपतीचा हिशेब मिटला. यंदा डॉल्बीला फाटा देऊन झांजपथकावर भागवलं, त्यामुळं ४३,२०० रुपये शिल्लक राहिले. पोरांचं म्हणणं, तालमीत नवे डंबेल्स घेऊ. मी आण्णांचा विषय काढला.

आण्णा आमचे जुने अध्यक्ष. ऑगस्टात त्यांचा डावा पाय गुडघ्याखालनं काढला. त्याआधी दोन वर्षं ते सांगत होते, "चाललं की पिंडरी भरून येते, जरा टेकलं की बरं वाटतं." तीन दवाखाने झाले, मणक्याचा एक्स-रे झाला, महिन्याला दोन बाटल्या तेल जिरलं. पावलावरची नाडी मात्र कुणी हात लावून बघितली नाही. मीही नाही. मी तर रोज त्यांच्या शेजारी बसून चहा पीत होतो.

बैठकीत आण्णा वॉकर घेऊन आले होते. डंबेल्सचा विषय तिथंच मिटला.

संध्याकाळी गल्लीतल्या डॉक्टर मॅडमकडं गेलो. त्यांनी तीन अटी घातल्या. पहिली, दिसेल त्याला झोपवून मोजायचं नाही. ६५ च्या वरचे सगळे चालतील. ५० ते ६४ मध्ये शुगर, बीपी, कोलेस्टेरॉल किंवा विडी-सिगरेट यातलं काही असेल तरच. ५० च्या आत शुगर आणि वर आणखी एखादं कारण पाहिजे. पाय दुखतोय किंवा जखम भरत नाही, असा माणूस कुठल्याही वयाचा घ्यायचा. दुसरी अट, आपण आजाराचं नाव घ्यायचं नाही, आकडा लिहायचा, खाली सही त्यांची. तिसरी, ज्याचा आकडा वाईट येईल त्याला पुढं कुठं न्यायचं ते ठरल्याशिवाय पहिला माणूस झोपवायचा नाही.

तिसऱ्या अटीला मी नुसती मान हलवली. ती पुढं अंगाशी आली.

९ ऑक्टोबर

तपासणी तशी साधी आहे. घोट्याचं बीपी भागिले दंडाचं बीपी. निरोगी माणसाचं घोट्याचं बीपी दंडाइतकं किंवा थोडं जास्त भरतं, म्हणजे उत्तर १ ते १.४० च्या मध्ये येतं. ०.९० किंवा त्याखाली आलं की पायाकडं जाणारी धमनी कुठंतरी अरुंद झालेली असते. ०.९१ ते ०.९९ काठावरचं. घोट्याजवळ स्टेथोस्कोपनं धड ऐकू येत नाही म्हणून डॉप्लर लागतो, पेनसारखा प्रोब आणि त्याला जोडलेला छोटा डबा.

आमच्या खजिनदारानं ऑनलाईन २,८०० रुपयांत डॉप्लर मागवला. बाकीचे बारा-पंधरा हजार सांगत होते. आम्ही खूश. आज पार्सल फोडलं तर डब्यावर बाळाचं चित्र. पोटातल्या बाळाचे ठोके ऐकायचं ते मशीन. त्याचा प्रोब दोन-तीन मेगाहर्ट्झचा, खोलवरचं ऐकायला केलेला. घोट्याची धमनी कातडीच्या लगेच खाली असते, तिथं आठ मेगाहर्ट्झचा प्रोब लागतो. तासभर सगळ्यांच्या पावलांवर फिरवला, खरखर सोडून काही ऐकू आलं नाही.

विकणारा परत घेईना. २,८०० पाण्यात.

१४ ऑक्टोबर

आठ मेगाहर्ट्झचा आला. १४,५००. सोबत साधी डायलची दोन बीपी मशीन १,९०० ला. त्यातल्या एकाचा काटा हवा सोडल्यावरही शून्यावर येत नव्हता, ते दुकानात जाऊन बदलून आणलं. बॉक्स उघडल्या उघडल्या काटा बघत जा.

रात्री तालमीत एकमेकांवर सराव. मी वीस वर्षं ईसीजी काढतोय, त्यामुळं हे दहा मिनिटांत जमेल असं वाटलं होतं. तीन तास गेले.

पहिली चूक म्हणजे प्रोब दाबून धरत होतो. जोरात दाबला की खालची धमनीच चेपते आणि आवाज जातो. मग वाटतं इथं नाडीच नाही, म्हणून आणखी दाबायचं. जेल भरपूर घ्यायचं आणि प्रोब नुसता टेकवायचा, तोही उभा न धरता तिरका, ४५ ते ६० अंशांत. दुसरी चूक, दंडाचं बीपी सवयीनं स्टेथोस्कोपनं घेतलं आणि पायाचं डॉप्लरनं. दोन तराजूंत तोलल्यासारखं झालं ते. दंडालाही डॉप्लरच लावायचा. तिसरी, हवा भसकन सोडत होतो. सावकाश सोडायची, सेकंदाला दोन मिलिमीटर उतरेल इतकी. आवाज जिथं परत येतो तो आकडा.

प्रत्येक पायाला दोन जागा, एक पावलाच्या पाठीवर आणि एक आतल्या घोट्याच्या मागं. दोन्हीतला मोठा आकडा त्या पायाचा धरायचा. हातही दोन्ही मोजायचे आणि त्यातला मोठा खाली भागायला घ्यायचा. पावलावरची नाडी काही धडधाकट माणसांतही जन्मापासून लागत नाही. आमच्या एका पैलवान पोराची लागली नाही आणि त्याचा चेहरा पडला. घोट्यामागची ठणठणीत होती.

१९ ऑक्टोबर

१५ तारखेला विधानसभेची आचारसंहिता लागली. १,२०० रुपयांचा फ्लेक्स छापून झाला होता. त्यावर एका इच्छुकाचा फोटो, कारण चहा-पोह्याचा खर्च तो देणार होता. फ्लेक्स तालमीत उलटा घालून त्यावर गाद्या टाकल्या. पोह्याचा खर्च आमच्यावर.

२० ऑक्टोबर, रविवार : पहिलं शिबिर

नावं ६० आली होती. तपासणी झाली १७ जणांची.

हिशेब चुकला तो असा. माणसामागं पाच मिनिटं धरली होती, लागली बावीस. मोजायच्या आधी दहा मिनिटं उताणं, शांत पडून राहावं लागतं, हे कागदावर वाचलं होतं पण वेळेत धरलंच नव्हतं. नऊवारीतल्या आज्जींना आडोसा पाहिजे होता, तो नव्हता. तालमीत खाट नाही म्हणून गाद्या जमिनीवर. सत्तरीतली माणसं खाली बसताना दोघांनी धरायची, उठवताना चौघांनी. दुपारी एकला माझी कंबर धरली. लोक कंटाळून गेले. एक मामा जाताना म्हणाले, "भावा, आंबाबाईच्या रांगंत एवढा येळ न्हाई लागत."

तरी दोन गोष्टी शिकलो.

एक जुने वस्ताद आले होते. त्यांचा दंड नेहमीच्या कफमध्ये मावेना, वेल्क्रो कसाबसा टोकाला चिकटला. दंडाचं १५६, घोट्याचं १३४. भागाकार ०.८६. डॉक्टर मॅडमनी दंडाकडं बघितलं आणि मोठा कफ आणायला पिटाळलं. मोठ्या कफनं दंडाचं भरलं १३८. म्हणजे ०.९७. कफ लहान पडला की बीपी खोटं वाढतं, दंडाचं खोटं वाढलं की पाय खोटा आजारी दिसतो. मोठा कफ ६५० रुपये. कोल्हापुरात शिबिर घेणार असाल तर तो पहिल्यांदा घ्या.

दुसऱ्या एक मावशी, चाळीस वर्षं भाजीची पाटी सांभाळलेल्या. पायाला घट्ट लवचिक मोजे. पाय दुखतात म्हणून दुकानदारानं दिलेले. हे मोजे फुगलेल्या निळ्या शिरांसाठी असतात, म्हणजे रक्त पायातनं वर चढत नाही त्यासाठी. मावशींची गोष्ट उलटी होती, रक्त खालीच उतरत नव्हतं. दंड १४४, घोटा ७८. ०.५४. ज्या पायात आधीच रक्त कमी, तो वरनं आवळून ठेवलेला. मॅडमनी मोजे तिथंच काढायला लावले. मावशी म्हणाल्या, "नऊशे रुपयांचं हाईत की ओ."

२२ ऑक्टोबर

बदल केले. मंगल कार्यालयातनं चार लांब टेबलं आणली, त्यावर गाद्या. चौघे एकदम झोपलेले, मोजणारा एकाकडनं दुसऱ्याकडं सरकतो, तोवर बाकीच्यांची दहा मिनिटं होतात. साड्यांचे पडदे. नंबराचे बिल्ले, वेळ देऊन. माणसामागं बारा मिनिटांवर आलो.

फॉर्मही बदलला. आधीचा प्रश्न होता "चालताना पाय दुखतात का?" सतराच्या सतरा जणांनी हो लिहिलं. पन्नाशीनंतर कोल्हापुरात नाही कोण म्हणेल? आता विचारतो : कुठं दुखतं, गुडघ्यात की पिंडरीत? बिनखांबी गणपतीपासनं निघालात तर आंबाबाईच्या देवळापर्यंत एका दमात जाता का? थांबल्यावर किती वेळात थांबतं? उभ्या उभ्याच राहतं की बसावं लागतं? रक्त कमी पडून येणारी कळ नुसतं उभं राहिलं तरी काही मिनिटांत जाते. मणक्याच्या दुखण्याला बहुतेक वेळा बसावं किंवा वाकावं लागतं. आण्णांनी हा फरक दोन वर्षं सगळ्यांना सांगितला होता, ऐकणाऱ्याला कळला नाही.

१० नोव्हेंबर, रविवार : दुसरं शिबिर

४५ माणसं. दोन टेबलांवर हिशेब, एकावर मी आणि एकावर कॉलेजचा पोरगा.

प्रचाराच्या रिक्षा दर दहा मिनिटांनी तालमीसमोरनं. डॉप्लरचा आवाज त्यात बुडायचा. हेडफोन लावला तर मला ऐकू येऊ लागलं, पण झोपलेली माणसं नाराज. त्यांना आपल्या पायातला फस्-फस् आवाज ऐकायचा असतो. शेवटी मोजताना हेडफोन, आणि मोजून झाल्यावर एकदा स्पीकरवर. हा अर्धा मिनिट वाया घालवण्यासारखा आहे. आवाज ऐकलेला माणूस पुढच्या दोघांना घेऊन येतो.

तंबाखू. "तंबाखू खाता का?" म्हटलं की बायका ठाम नाही म्हणतात. आमच्या वहिनींनी एका आक्कांना विचारलं, "आणि मिश्री?" आक्का हसल्या, "ती काय तंबाखू हाय व्हय!" त्यानंतर फॉर्मवर मिश्री, मावा, पुडी, विडी, सिगरेट असे वेगवेगळे रकाने केले.

आज एक मोठी चूक थोडक्यात टळली. शुगरच्या एक काकू, अंगठ्याला महिन्याची जखम. नवी कोल्हापुरी चावली आणि त्यांना कळलंच नाही, कारण पावलाला संवेदना नाही. दहा ग्रॅमच्या दाबाला वाकणारा नायलॉनचा दोरा टेकवून बघितला, दहापैकी दोन जागी कळला. घोट्याचं मोजायला गेलो तर २०० च्या वर नेलं तरी आवाज बंद होईना. दंडाचं १३२. माझा भागाकार दीडच्या वर आला. पोरानं फॉर्मवर लिहिलं, "उत्तम". त्याला वाटलं जास्त म्हणजे चांगलं, जसे मार्क.

मॅडमनी ते खोडलं. शुगर जुनी असली की धमनीच्या भिंतीत चुना साठतो, ती पाईपासारखी कडक होते, कफनं दबतच नाही. १.४० च्या वरचा आकडा म्हणजे पाय चांगला असा अर्थ नाही, हे माप इथं चालत नाही एवढाच अर्थ. अशा माणसाचं पायाच्या बोटाचं बीपी घ्यावं लागतं, तिथल्या बारीक धमन्यांत चुना सहसा साठत नाही. ते आमच्याकडं नाही. फॉर्मवर तिसरा रंग आला : लाल खालचे, हिरवे मधले, निळे वरचे. निळ्यालाही लालाइतकीच घाई.

१७ नोव्हेंबर

आज जे सापडलं ते लिहायची लाज वाटते.

दुसऱ्या टेबलाच्या फॉर्मवर एका रिक्षावाल्या मामांचा आकडा १.२१, हिरवा. पण उत्तरं लाल : पिंडरी, थोडं चाललं की, उभं राहिलं की जाते, रोज दोन बंडल विडी. आण्णा फॉर्म चाळत होते, त्यांनीच दाखवलं. "ह्यो मी हाय की रं. ह्याला बरोबर कसा म्हणतोस?"

कच्चे आकडे बघितले. दंड १४०, घोटा ११६. ११६ भागिले १४० म्हणजे ०.८३. पोरानं १४० ला ११६ नं भागलं होतं. उलटं. तेही एकदा नाही, २१ च्या २१ वेळा.

या चुकीचा घोळ असा की निम्म्याहून जास्त माणसांना ती दिसतच नाही. १.०५ उलटा केला तर ०.९५ येतो, कुणाचं लक्ष जात नाही. पण ०.८३ चा होतो १.२१, आणि आजारी माणूस निरोगी होऊन घरी जातो. २१ पैकी चौघांना आम्ही असं हिरवं करून पाठवलं होतं. आणि एका धडधाकट सराफाला लाल : घोटा १६०, दंड १२८, खरं उत्तर १.२५, आम्ही दिलं ०.८०.

पोराला कुणी बोललं नाही. सूत्र कागदावर लिहून टेबलाला चिकटवायचं काम माझं होतं. मी तोंडी सांगितलं होतं.

२० नोव्हेंबर, मतदान

सुट्टी, आणि मतदानाला सगळं गाव जागेवर. त्याचा फायदा घेतला. मशीन पिशवीत घालून घरोघर गेलो, बोटाला शाई लागलेली माणसं झोपवून परत मोजली. चौघांतले तिघे सापडले, तिघेही लाल. चौथे गावी मत द्यायला गेलेले, परवा मिळाले.

सराफांच्या घरी माफी मागितली. ते काही रागावले नाहीत, पण त्यांच्या मिसेस रागावल्या. आठवडाभर माणसानं तांबड्या रश्श्याला हात लावला नव्हता, आणि रात्री उठून स्वतःचे पाय चाचपत होते.

आता नियम : दोघांनी वेगवेगळा भागाकार करायचा, उत्तर जुळलं तरच रंग लावायचा. फॉर्मवर वर "घोटा", रेघ, खाली "दंड" असं छापून घेतलं. ३०० फॉर्म ९०० रुपये.

१ डिसेंबर, रविवार : रंकाळा

कुणीतरी सुचवलं, सकाळी रंकाळ्यावर हजार माणसं फिरतात, तिथं घेऊ. सहाला टेबलं मांडली. ३८ जण झाले. लाल एकही नाही.

एक तर थंडी. पहाटेच्या गारठ्यात पावलं बर्फ. गारठ्यानं धमन्या आकसतात, आवाजच लागेना. पाच जणांची नाडी सापडली नाही, त्यांना चहा पाजून, घोंगडी पांघरून, ऊन आल्यावर परत घेतलं, पाचही ठीक निघाले. तोवर साडेनऊ.

दुसरं जास्त महत्त्वाचं. जो माणूस पहाटे उठून रंकाळ्याला वेढा मारतो त्याची पिंडरी भरून येत नाही म्हणूनच तो वेढा मारतो. ज्याची येते तो घरात बसलाय. आम्ही नेमका चाळणीवर राहिलेला माल तपासत होतो. सकाळ छान गेली, फोटो छान आले, उपयोग शून्य.

१९ डिसेंबर, गुरुवार : मार्केट यार्ड

मग प्रश्न उलटा विचारला. कोल्हापुरात पायावर कोण जगतं आणि शिबिराला कोण येऊ शकत नाही? शाहू मार्केट यार्डातले हमाल. दिवाळी पाडव्यापासनं गुळाचे सौदे सुरू आहेत, रवे, म्हणजे गुळाच्या ढेपा, उचलायचं काम जोरात. रविवारी बोलावून येणार नाहीत. गाड्या भरून झाल्यावर रात्री साडेनऊला आम्हीच गेलो. पोत्यांची थप्पी हीच खाट, वर घोंगडं. बसल्या जागी पायाचं ऐकवतो म्हटल्यावर कुणी फॉर्मला नाही म्हटलं नाही.

३१ जण. पाच लाल. पाठीवर ओझं घेऊन पन्नास पावलं गेलं की थांबायचं, हे त्यांच्या हिशेबी वय झाल्याचं लक्षण. एक जण म्हणाला, "मी थप्पीला टेकून विडी वडतो, तवर पाय सुटतो." ज्या विडीनं नस बंद होते, तीच ओढता ओढता विसावा मिळतो, आणि श्रेय विडीला जातं. हे त्याला समजावताना मला शब्द सापडेनात. आण्णांनी पँटचा पाय वर केला आणि म्हणाले, "मीबी असंच म्हणायचो."

पाचातला एक ड्रायव्हर, वय ३४, वयाच्या अटीत बसत नाही, पाय दुखतो म्हणून घेतला. शुगर नाही, बीपी नाही. उजव्या पायाचं धाकटं बोट काळसर, रात्री झोपू देत नाही, पाय खाटेवरनं खाली सोडून बसतो. वीस वर्षांचा होता तेव्हापासून विडी. घोट्याचा आकडा ०.६२. मॅडमना फोन लावला, त्यांनी सकाळची वाट न बघता हलवायला सांगितलं. आम्ही दोघं त्याला घेऊन गेलो. पुढं डॉक्टरांनी बर्गरचा आजार सांगितला, तरुण तंबाखूवाल्यांना हातापायांच्या बारीक धमन्यांत होणारा. त्यात तंबाखू पूर्ण सोडणं हाच मुख्य उपचार. दिवसाला एक-दोन विड्यांवर आणून चालत नाही, आजार पुढं सरकतच राहतो.

५ जानेवारी २०२५ : सुभाषनगर

चप्पल करणाऱ्यांच्या वस्तीत. २७ जण, तीन लाल, एक निळा. इथं आमचा नवा फॉर्मही आपटला. चालताना दुखतं का? नाही. का नाही? कारण चालतच नाहीत. दिवसभर मांडी घालून रापीनं चामडं कापायचं, माल पोचवायला गाडी. लाल निघालेल्या तिघांनाही पायाची तक्रार नव्हती. प्रश्नावर विसंबून गाळले असते तर तिघेही सुटले असते. या आजाराच्या बऱ्याच लोकांना लक्षणंच नसतात असं मॅडम पहिल्या दिवशी म्हणाल्या होत्या, मला ते त्या दिवशी नुसतं वाक्य वाटलं.

१२ जानेवारी

एकूण १५८ माणसं. लाल १६, निळे ३. आज १९ जणांना फोन केले, डॉक्टरकडं गेले का विचारायला.

गेले : पाच.

तिसरी अट आठवली. आम्ही चिठ्ठी दिली होती, "व्हॅस्क्युलर सर्जनना दाखवा." म्हणजे रक्तवाहिन्यांच्या डॉक्टरना. लोकांनी त्यातला एकच शब्द वाचला, सर्जन. "पाय कापत्यात" हीच समजूत, आणि दारात आण्णा बसलेले. त्यांना बघून माणसं फॉर्म भरायला तयार झाली, आणि त्यांना बघूनच दवाखान्याला घाबरली. हे आमच्या डोक्यातच आलं नव्हतं.

चिठ्ठी नव्यानं लिहिली : "तुमच्या पायात रक्त कमी जातंय. बहुतेकांना गोळ्या, तंबाखू बंद आणि रोज ठरवून चालणं एवढ्यानं फरक पडतो. ज्यांच्या पायात नस अशी, त्यांच्या हृदयात आणि मेंदूतही असू शकते, म्हणून ईसीजी, शुगर, कोलेस्टेरॉल बघायचं आहे. सीपीआर या सरकारी दवाखान्यात सकाळी केसपेपर काढायचा. आमचा माणूस सोबत येईल." शेवटची ओळ सगळ्यात कामाची ठरली. चालण्याचं नीट सांगावं लागतं : कळ येईपर्यंत चाला, थांबा, गेली की परत चाला, अर्धा-पाऊण तास, आठवड्यातनं तीनदा तरी. दुखतं म्हणजे बसून राहायचं, हा सल्ला घरोघर दिला जातो.

१८ जानेवारी

एका खासगी रुग्णालयाचा मार्केटिंगवाला भेटला. बोटाचं बीपी मोजणारं मशीन वापरायला देतो, दोन टेक्निशियन देतो, फुकट. बदल्यात १५८ जणांची नावं आणि मोबाईल नंबर. खजिनदार क्षणभर डळमळला, मीही. मशीनची खरंच गरज आहे. नाही म्हटलं. लोकांनी नंबर तालमीला दिले होते.

२३ फेब्रुवारी

सोबत जाणं सुरू केल्यापासनं ५ चे १४ झाले. तालमीतली पोरं पाळीनं जातात, रिक्षाभाडं १,४८० झालं. उरलेल्या पाचात एकाचा नंबर चुकीचा, दोघांनी सरळ नाही म्हटलं, एक जण गावाकडं ऊस जाईपर्यंत येत नाही. पाचवे वस्तादांचे मित्र, त्यांना गंडा बांधलाय, पौर्णिमेपर्यंत थांबा म्हणतात. थांबलोय, पण पौर्णिमेची तारीख वहीत लिहून ठेवलीय.

भाजीवाल्या मावशींची अँजिओप्लास्टी झाली. मोजे अजून जपून ठेवलेत, भाचीला देणार म्हणतात. काकूंची जखम अर्धी भरली. रिक्षावाले मामा विडी एका बंडलावर आले म्हणून खूश आहेत, आम्ही नाही. ड्रायव्हरचं धाकटं बोट गेलं, पाय आहे. विडी सोडून पाच आठवडे झाले, रोज संध्याकाळी तालमीत येऊन बसतो, कारण घरी बसलं की ओढावीशी वाटते.

खर्च, विचारतात म्हणून : चुकीचा डॉप्लर २,८००, बरोबर डॉप्लर १४,५००, बीपी मशीन १,९००, मोठा कफ ६५०, जेल ३६०, शुगरच्या पट्ट्या १,७००, दोन नायलॉन दोरे ७००, फॉर्म ९००, वाया गेलेला फ्लेक्स १,२००, चहा-पोहे २,१००, रिक्षा १,४८०. एकूण २८,२९०. शिल्लक १४,९१०. खर्चात चुकीचा डॉप्लर आणि फ्लेक्स मिळून मूर्खपणाचे चार हजार. पोहे धरले तर सहा.

शुक्रवार पेठेतल्या एका मंडळानं मशीन मागितलंय. देणार आहे, पण आधी त्यांच्या दोन पोरांनी आमच्याकडं दोन गुरुवार मोजायचं, आणि भागाकार माझ्यासमोर करून दाखवायचा. जेल त्यांचं त्यांनी आणायचं. पुढची फेरी २७ तारखेला, मार्केट यार्ड, रात्री साडेनऊ. मोठा कफ वस्तादांच्या घरी राहिलाय, तो येताना घ्यायचा.